वाढत्या चंद्राचं लाकूड

उबाल्दो चुन्याची बादली घेऊन पुढे चालला होता आणि एर्लिंदा मशीनची करवत खांद्यावर टाकून मागे. जे झाड राहायचं त्याच्या बुंध्यावर, छातीच्या उंचीला, तो कुंच्याने पांढरा पट्टा ओढायचा. पट्टा नाही ते पाडायचं. आग्वा सोर्दा गावाने वरचं पाईनचं जंगल घराघरांत वाटून घेतलं होतं, प्रत्येकाला एक तुकडा. दाटी काढायची, फांदीला फांदी लागणार नाही इतकं रान विरळ करायचं, म्हणजे पुन्हा आग आली तर तिला झाडावरून झाडावर जाता येणार नाही. बाकीच्या डोंगरांत लोक तोडलेल्या फांद्यांचे ढीग रचतात आणि बर्फ पडलं की पेटवून मोकळे होतात. इथे ढीग पेटवायचा विषय काढला तरी बायका उठून आत जायच्या. जे पाडलं ते खाली आणायचं आणि कामाला लावायचं, अगदी डहाळीसुद्धा, हा गावाचा स्वतःचा नियम होता.

उबाल्दो या कामाचा मुकादम. एर्लिंदाच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. पोट सुटलेलं, गुडघे गेलेले, पण जीभ अजून तरणीबांड.

"वहिनी, अजून ऐका माझं," तो धापा टाकत म्हणाला. "तुम्हाला ओढ्याजवळचा तुकडा देतो. हा कुणीही घेईल."

"का? इथली झाडं काय चावतात?"

"चावत नाहीत. पण इथून ते वळण दिसतं."

एर्लिंदाने वळणाकडे बघितलं नाही. गेल्याच्या गेल्या वसंतात आग आली तेव्हा सेलेदोनिओ, तिचा नवरा, गाई खाली आणायला म्हणून पिकअप घेऊन इथे आला होता. गाई आपल्या आपण घरी आल्या. पिकअप त्या वळणावर सापडली, नुसता सांगाडा, दार उघडं. आत कुणी नव्हतं. पुढे पलीकडचा सगळा डोंगर राख झाला होता, आणि पोलिसांनी, भावकीने, कुत्र्यांनी ती राख चाळली, तरी कमरेच्या पट्ट्याचं बक्कलसुद्धा हाती लागलं नाही. जळालेली झाडं तिथे अजून उभी होती. वारा सुटला की ती शीळ घालायची.

"हाच तुकडा पाहिजे मला," एर्लिंदा म्हणाली. "घराला तुळया लागणार आहेत. सरळ झाडं इथेच आहेत."

"मग तुळयांची झाडं आत्ता पाडू नका. चंद्र वाढतोय. वाढत्या चंद्रात लाकूड ओलं असतं, गोड असतं, त्यात जीव शिरतो. आपले आजे-पणजे काय खुळे होते? थंडीत, उतरत्या चंद्रात पाडा. फाटी आणि कुंपणाच्या काठ्या तेवढ्या आत्ता काढा."

"आणि थंडीत मी सासूला घेऊन कुठे बसू? त्या पत्र्याच्या डब्यात? गेल्या हिवाळ्यात म्हातारीच्या उशाला बर्फ साचलं होतं."

"बरं, पाडाच, पण निदान साल तरी लगेच सोला."

"सोलीन हो. हाताला हात मिळाला की सोलीन."

तिने करवतीची दोरी ओढली आणि पुढचं बोलणं त्या आवाजात बुडालं. उबाल्दोने दोन्ही हात वर केले, बादली उचलली आणि निघून गेला.

सासू त्रांकिलिना ट्रेलरच्या, त्या चाकांवरच्या पत्र्याच्या घराच्या, पायरीवर बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होती. ऐंशीला आलेली बाई, पण कान असे की कोंबडीने परसात पाय टाकला तरी कळायचं. मागे जुन्या घराच्या मातीच्या भिंती उभ्या होत्या. आगीने धाबं खाल्लं होतं, दारं-खिडक्या खाल्ल्या होत्या, भिंती मात्र भाजून आणखी पक्क्या झाल्या होत्या.

"आलीस? काही दिसलं?" तिने विचारलं. रोजचा प्रश्न.

"झाडं दिसली, आई."

"विरळ झालं की दिसेल."

एर्लिंदाने हात धुतले. डिंकाने बोटं चिकटली होती, साबणाने निघत नव्हती, म्हणून तिने थोडं तेल घेतलं. मग नेहमीप्रमाणे हळूच म्हणाली, "आई, उबाल्दो क्रूस करून द्यायला तयार आहे. चांगलं लाकूड निघालंय. वळणावर उभा करू. फादर मिस्सा करतील."

"कुणाची मिस्सा?"

"तुम्हाला माहीत आहे कुणाची."

"मेल्या माणसाची मिस्सा करतात," म्हातारी म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

या गावात माणूस उघड्यावर गेला तर तिथे क्रूस रोवतात, आणि आई जिवंत असेल तर क्रूसाच्या बुडाशी पहिला दगड आईने ठेवायचा. त्याशिवाय दुसरं कुणी दगड ठेवत नाही, आणि दगड नाहीत तर क्रूस वाऱ्याने पडतो. एवढ्या एका दगडासाठी एर्लिंदा अडकून पडली होती. तिला नवरा परत नको होता असं नाही. पण येणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि ते कुणीतरी मोठ्याने म्हणावं, एकदाचं रडून घ्यावं, काळे कपडे घालावे आणि मग ते काढावेही, असं तिला फार वाटत होतं. लोक तिला धड सवाष्ण समजत नव्हते, धड विधवा. दुकानात बायका तिच्याशी बोलताना मध्येच थांबायच्या आणि साखरेच्या भावावर यायच्या.

उन्हाळाभर ती राबली. मांडीएवढ्या जाडीची झाडं तुळयांसाठी बाजूला. मनगटाएवढी होती ती किलचणीला, म्हणजे तुळयांवर दाटीने आडव्या टाकायच्या काठ्यांना. त्यातली वाकडी ती मेंढ्यांच्या कुंपणाला. गाठींची लाकडं चुलीला. पाला आणि डहाळ्या उबाल्दोच्या यंत्रात घालून त्यांचा भुसा व्हायचा, तो पाटाच्या कडेला, भाजीच्या वाफ्यांत, घोड्यांच्या पायाखाली जायचा. गावभर ओल्या पाईनचा वास भरला होता. शेजारची प्रुदेन्सिया म्हणायची, "आता जेवणालाही डिंकाची फोडणी लागते बाई."

तुळया सोलायच्या राहिल्या त्या राहिल्याच. दोन मुठींची सुरी घेऊन एर्लिंदा एकदा बसली होती. एक तुळई सोलली आणि खांदा असा धरला की दोन दिवस वेणी घालता येईना. मग इतर कामं पुढे आली. पाडलेले बुंधे सालीसकट रानातच पडून राहिले, सावलीत, आणि उन्हाळ्याच्या दुपारी त्यांच्यावर लांब मिशांचे काळे भुंगे येऊन बसायचे. एर्लिंदाने ते पाहिले होते. भुंगे काय, दरवर्षीच असतात.

रान विरळ झालं तसं ते तिला जास्त भीती घालायला लागलं. दाट होतं तेव्हा चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं, ते बरं होतं. आता संध्याकाळी उतरणीवरून बघितलं की बुंधे अंधारात विरघळायचे आणि नुसते पांढरे पट्टे राहायचे, छातीच्या उंचीला, पांढरा सदरा घातलेली माणसं उभी असावीत तसे. उबाल्दोने आपल्या डोळ्यांदेखतच हे लावलेत, तिने स्वतःला समजावलं. तरी ती सामान आवरताना त्यांच्याकडे पाठ करायची नाही.

एका संध्याकाळी तिला एक पट्टा वळणापलीकडे दिसला. तिथे जळका डोंगर सुरू होत होता, तिथे राखायचं एकही झाड नव्हतं. तिने करवत खाली ठेवली आणि बघत राहिली. पट्टा हलला नाही. ती हाक मारणार होती, तोंडाशी नाव आलंही होतं, पण तिने ते गिळलं आणि करवत तिथेच टाकून खाली आली. सकाळी उबाल्दोला घेऊन गेली तर तिथे सगळी काळी खोडं.

"मी पलीकडे कशाला चुना लावू?" तो म्हणाला. "मेलेल्याला काय राखायचं?" आणि मग जीभ चावून म्हणाला, "झाडांचं म्हणतोय मी, वहिनी."

पानगळीत भावकीतल्या माणसांनी तुळया भिंतींवर चढवल्या. तेव्हा मात्र साल सोलली. ती आता पोकळ झाली होती, हातानेच सुटत होती, आणि खाली लाकडावर नागमोडी रेघा उमटलेल्या होत्या. उबाल्दोने बोट फिरवून बघितलं.

"शिरलंय," तो म्हणाला.

"मग काय करू? परत जाऊन उभी करू झाडं?"

कुणीतरी हसलं. उबाल्दो हसला नाही. तुळयांवर किलचण बसली, त्यावर भुशाचा थर, त्यावर माती. धाबं झालं. पत्र्याची चूल मांडली, भिंतींना आतून पांढरी माती दिली, आणि घर घरासारखं दिसायला लागलं. सासू मात्र ट्रेलरमधून हलेना.

"तो शोधत येईल तेव्हा ट्रेलरच शोधेल. हे घर त्याला जळताना माहीत आहे."

"आई, त्याने ट्रेलर कधी बघितलाच नाही!"

"म्हणजे तूही म्हणतेस की तो येणार आहे," म्हातारी म्हणाली. या बाईशी बोलायचं म्हणजे दर वेळी आपणच तोंडावर पडायचं.

शेवटी बर्फानेच काम केलं. पहिलंच बर्फ असं पडलं की ट्रेलरचं दार उघडेना. एर्लिंदाने फावड्याने वाट केली, म्हातारीला घोंगडीत गुंडाळून उचललं आणि नव्या घरात चुलीजवळ आणून बसवलं. अंगावर मांस नव्हतं, सगळं वजन घोंगडीचंच. म्हातारी तोंड फिरवून बसली. आतोलेची, मक्याच्या गोड पेजेची, वाटी पुढे ठेवली ती तशीच राहिली.

चूल दिवसभर पेटती होती. खोली तापली, भिंतींमधली ओल सुटली. तिन्हीसांजेला, एर्लिंदा तोर्तिया लाटत असताना, वरून आवाज आला.

कर्र. कर्र. मग थोडं थांबून पुन्हा, कर्र.

तिने लाटणं थांबवलं. उंदीर म्हणावा तर पाय वाजत नव्हते. आवाज लाकडाच्या आतून येत होता, एका जागेवरून, चूल होती तिच्या वरच्या तुळईतून. कुणीतरी सावकाश, दात आवळून काहीतरी चावतंय असा. तिला रेघा आठवल्या, भुंगे आठवले. कीड, तिने मनात म्हटलं, आणि लाटणं पुन्हा हातात घेतलं.

म्हातारीने मात्र तोंड वळवलं होतं. डोळे वर, ओठ थोडे उघडे.

"सेलेदोनिओ?" ती म्हणाली.

आवाज थांबला.

खोलीत चुलीची फडफड तेवढी ऐकू येत होती. म्हातारी वर बघत हसली, दात नसलेलं, लहान मुलीसारखं हसू, आणि हात पुढे करून तिने आतोलेची वाटी घेतली.

"कुठलं लाकूड म्हणालीस हे?"

"कीड आहे ती, आई."

"कुठलं ते विचारलं मी."

"वळणावरचं," एर्लिंदा म्हणाली.

"मग बरोबर," म्हातारी म्हणाली आणि वाटी चाटूनपुसून संपवली.

त्या दिवसापासून म्हातारी सुधारली. जेवायला लागली, केस विंचरायला लागली. दिवसभर तुळईखाली खुर्ची टाकून बसायची आणि वर बघून बोलायची: मेंढी व्यालीय, उबाल्दोचा गुडघा सुजलाय, तुझ्या बायकोने आज बीन्स खारट केले. ती बोलली की आवाज थांबायचा. ती गप्प झाली की थोड्या वेळाने सुरू व्हायचा. एर्लिंदाने मनाशी ठरवलं होतं की माणसाच्या आवाजाने कीड बुजते, त्यात नवल काय. पण तिने स्वतः मोठ्याने बोलून बघितलं, भांडं आपटून बघितलं, उबाल्दोने हाका मारून बघितल्या. तेव्हा ते बिनघोर चालू राहायचं. म्हातारीला तेवढं थांबायचं.

बातमी प्रुदेन्सियाने गावभर केली. बायका रोझरीच्या जपाच्या निमित्ताने यायच्या आणि वर कान लावून बसायच्या. कुणी छातीवर क्रूस करायची, कुणी हाताआड हसायची. एकीने तर हळूच विचारलं, "काकू, माझी हरवलेली गाय कुठे आहे ते विचाराल का त्याला?"

"तो जिवंत असताना तू त्याला कधी ओळख दाखवली होतीस का?" म्हातारी फणकारली. "आता गाय हवी!"

सगळ्या हसल्या. एर्लिंदाही हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की म्हातारी 'जिवंत असताना' म्हणाली. तिने कान टवकारले. पण पुढे काही नाही. प्रुदेन्सिया निघताना दारात तिचा हात दाबून म्हणाली, "बरं आहे बाई तुझं. आमचे गेले ते गेलेच." एर्लिंदाला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

थंडी ऐन भरात असताना उबाल्दो औषधाचा डबा आणि पिचकारी घेऊन आला. शिडी लावली. तुळईला भोकं पाडून आत औषध सोडायचं, मग ओलं फडकं गुंडाळायचं, की आतलं मरतं, असं त्याने सांगितलं.

"काकू, जरा बाहेरच्या खोलीत बसा. वास उग्र आहे."

"काय करतोस ते सांग आधी."

"तुळई पोखरली तर धाबं तुमच्या डोक्यावर येईल."

"येऊ दे."

"आई, उठा," एर्लिंदा म्हणाली. तिने म्हातारीच्या काखेत हात घातला. म्हातारीने खुर्चीचे हात घट्ट धरले. ओढाताण झाली. खुर्ची कलंडली आणि दोघी जमिनीवर आल्या, एर्लिंदा खाली आणि म्हातारी तिच्या अंगावर, आणि तशीच पडल्यापडल्या म्हातारीने तिच्या गालावर चापट मारली. जोर नव्हता तिच्यात. पण उबाल्दो बघत होता.

"एकदा आगीत गेला," म्हातारी म्हणाली, "आता तू विषाने मारणार?"

"आगीत गेला ना?" एर्लिंदा ओरडली. "म्हणा मग! गेला म्हणा! दगड ठेवा आणि सोडवा मला!"

म्हातारी तिच्या अंगावरून उठली, खुर्ची सरळ केली, स्कर्ट झटकला आणि पुन्हा तुळईखाली बसली. उबाल्दोने शिडी उचलली आणि जाताना दाराला आपटली. डबा आणि पिचकारी तिथेच ठेवून गेला.

डबा तसाच राहिला. एर्लिंदा रोज त्याच्याकडे बघायची. एका दुपारी म्हातारी शेजारी गेली होती. बाहेर बर्फाचा उजेड होता, घर ऊन होतं, आणि तुळई वाजत होती. एर्लिंदाने बाकडं ओढलं, त्यावर चढली, डबा आणि पिचकारी हातात घेतली. तुळई आता कपाळाला टेकेल इतकी जवळ होती. डिंकाचा वास येत होता, आणि त्यात कुठेतरी धुराचा. एवढ्या जवळून आवाज वेगळा ऐकू येत होता. तो चावण्याचा वाटतच नव्हता. ओल्या लाकडावर बूट घासत कुणीतरी येरझारा घालतंय असं वाटलं, दोन पावलं, थांबणं, दोन पावलं. सेलेदोनिओ घरात शिरताना उंबऱ्यावर बूट असेच घासायचा. दर वेळी तिने चिखलावरून ओरडलेलं असायचं म्हणून.

"काय पाहिजे तुला?" ती म्हणाली.

पावलं थांबली. आजवर तिच्या बोलण्याने ती कधी थांबली नव्हती.

तिने तुळईला हात टेकला. लाकूड गरम होतं, चूल खालीच होती, गरम असणारच. "मेला असशील तर मेल्यासारखा रहा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "नाहीतर खाली ये. गाईंसाठी गेलास! गाई आल्या रे घरी. दोन्ही आल्या. मी दार उघडून उभी होते आणि गाई आल्या."

तिच्या चेहऱ्यावर बारीक पीठ सांडलं. पांढरं, मऊ, पापण्यांवर, ओठांवर. ती तशीच उभी राहिली आणि रडली, आग लागल्यापासून पहिल्यांदा. मग खाली उतरून तिने डबा बाहेर नेला आणि गोठ्यात मागे ठेवून दिला. म्हातारी परत आली तेव्हा एर्लिंदा केर काढत होती.

"तोंडाला काय लागलंय?" म्हातारीने विचारलं.

"पीठ."

त्यानंतर दोघींचं बरं जमायला लागलं. तिन्हीसांजेला दोघी चुलीशी बसायच्या. म्हातारी बोलायची, एर्लिंदा बोलत नसे. पण स्वयंपाक करताना ती भांडी वाजवेनाशी झाली. रात्री निजण्याआधी चुलीत एक जास्तीचं लाकूड घालायची, थंडी आहे म्हणून. वरच्या रानातल्या गाठी-गाठींचं लाकूड त्या हिवाळ्यात तिने इतकं जाळलं की उबाल्दो म्हणाला, "वहिनी, भाकरी भाजता की घोडे?"

बर्फ वितळलं, पाटाला पाणी आलं. पाट साफ करायला गाव जमलं त्या सकाळी एर्लिंदा फावडं शोधत होती, आणि म्हातारी तुळईखाली उभी होती, खुर्चीत नव्हे, उभी.

"गेला," ती म्हणाली.

जमिनीवर पिठाचा लहानसा ढीग होता. वर तुळईला भोक पडलं होतं, करंगळी जाईल एवढं, गोल, कडा इतक्या साफ की सुताराने गिरमिटाने पाडावं. एर्लिंदा ऐकत राहिली. बाहेरून माणसांची बोलणी येत होती, फावडी दगडावर वाजत होती. घरात काही नव्हतं.

"माझे बूट आण," म्हातारी म्हणाली. "आणि उबाल्दोला सांग, क्रूस घेऊन ये. वर जायचंय."

एर्लिंदाला वाटलं होतं की हे ऐकल्यावर तिला हलकं वाटेल. तिने बूट आणले, म्हातारीच्या पायांत घातले, नाड्या बांधल्या, चुकल्या म्हणून सोडून पुन्हा बांधल्या.

क्रूस उबाल्दोने केव्हाच करून ठेवला होता, विरळ केलेल्या रानातल्याच लाकडाचा. म्हातारीला पिकअपमध्ये मधे बसवून ते वळणावर गेले. रान सुरेख दिसत होतं. झाडांमधून ऊन जमिनीपर्यंत येत होतं, गवत उगवलं होतं, आणि पांढरे पट्टे पावसाने पुसट झाले होते. फादर आले, भावकी आली. म्हातारीने वाकून दगड निवडला, दोन टाकून दिले, तिसरा घेतला आणि क्रूसाच्या बुडाशी ठेवला. मोठ्याने म्हणाली, "सेलेदोनिओ, माझ्या लेकरा, आता झोप." रडली, चांगली पोटभर रडली, आणि डोळे पुसून बाजूला झाली.

मग सगळ्यांनी एर्लिंदाकडे बघितलं. दुसरा दगड बायकोचा. तिने हातात घेतलाही होता. ती तशीच उभी राहिली. वारा आला, पलीकडचा जळका डोंगर शीळ घालायला लागला. उबाल्दो शेवटी पुढे झाला, त्याने तिच्या मुठीतून दगड सोडवून घेतला आणि तिच्या वतीने ठेवला. बायकांना ते दुःखाचंच वाटलं. प्रुदेन्सियाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आता तिला शब्दही सापडले, रीतसर विधवेला बोलायचे शब्द.

घरी आल्यावर म्हातारी भुकेजली होती. पोसोलेचे, मका घातलेल्या मटणाच्या रश्श्याचे, दोन वाडगे खाल्ले, मटण मऊ शिजलंय म्हणाली, आणि ट्रेलर आता कुणाला तरी विकून टाकू म्हणाली. बाहेर उबदार संध्याकाळ होती. दार उघडं होतं. एर्लिंदाने उठून ते लावून घेतलं आणि चूल पेटवली.

"अगं, आज कशाला?"

एर्लिंदाने लाकडं घातली. पहिली धरल्यावर आणखी घातली. चुलीचा पत्रा लाल झाला, खोलीत श्वास घेववेना, म्हातारीच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. एर्लिंदाने बाकडं ओढलं, त्यावर चढली आणि त्या भोकाच्या तुळईला नाही, तिच्या शेजारच्या तुळईला कान लावला. मग उतरून बाकडं सरकवलं आणि तिच्या पलीकडच्या तुळईला.

म्हातारीने कपाळ पुसलं. मग अगदी जपून, आजारी माणसाशी बोलावं तशी, म्हणाली, "पोरी, कीड होती ती. माझा बाप सुतार होता. मला काय कळत नव्हतं?"

"मलाही कळत होतं, आई."

"मग उतर खाली. मेलं ते सगळं. मला काही ऐकू येत नाही."

एर्लिंदाने कान लाकडाला आणखी दाबला आणि हात वर केला.

"हळू बोला," ती म्हणाली. "तुम्ही बोललात की तो थांबतो."